कोयरी विणणाऱ्यांचा कुत्रा

आप्पा २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरमधल्या हडर्सफील्डला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आमच्या डॉट या यॉर्कशायर टेरियर कुत्रीला मांडीवर घेतले आणि तिच्या पाठीवरची एक बट अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून हलकेच चोळून पाहिली. लालबागच्या एका गिरणीत, साळखात्यात म्हणजे विणकामाच्या विभागात, चौदा वर्षे साचे म्हणजे माग चालवलेला माणूस कापड हाती आले की असाच त्याचा पोत पाहतो. मी लहान असताना दिवाळीला माझ्या परकराचे कापड घेताना दुकानात त्यांची ही चिमूट मी कितीदा पाहिली होती. कुत्र्यावर ती कधी चालेल असे मात्र वाटले नव्हते.

"लोकर नाही ही," ते म्हणाले. "रेशमासारखं आहे. हाताला गार लागतंय बघ."

मग चष्मा सारखा करून त्यांनी तिच्या छातीवरचा तांबूस केस उजेडात धरला. तो मुळाशी गडद होता, मध्यावर फिका आणि टोकाला त्याहून फिका. एकाच केसात रंगाच्या तीन छटा होत्या. यॉर्कशायर टेरियर कसा असावा याचे जे अधिकृत वर्णन कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने ठरवून दिले आहे, त्यात ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे: तांबूस केस मुळाशी गडद असावा आणि टोकाकडे उजळत जावा. पाठीचा रंग पोलादी निळा असावा, रुपेरी नसावा. डोक्याच्या मागच्या हाडापासून शेपटीच्या मुळापर्यंत तो सलग असावा आणि त्यात एकही तांबूस किंवा काळपट केस मिसळलेला नसावा. केस सरळ, चकचकीत आणि रेशमासारखा तलम असावा. मी ते वर्णन आप्पांना मराठीत वाचून दाखवले. ते ऐकून घेऊन ते म्हणाले, "हे कुणीतरी कापडातल्या माणसानं लिहिलंय."

त्यांना या जातीचा इतिहास ठाऊक नव्हता. मला तोवर थोडाफार ठाऊक झाला होता, आणि त्या संध्याकाळी त्या इतिहासाचा गाभा आप्पांनी एका चिमटीत ओळखला असे मला वाटले, आजही वाटते.

डॉट मुळात आमच्या शेजारच्या आजींची. उमेदीच्या काळात आजी इथल्याच एका लोकरी कापडाच्या गिरणीत कामाला होत्या. सुटाच्या कापडाचा तागा मागावरून उतरला की तो खिडकीजवळच्या उतरत्या टेबलावर पसरायचा, त्यात सुटलेला किंवा तुटलेला धागा बोटांनी शोधायचा आणि सुईने तो असा भरून काढायचा की दुरुस्ती दिसता कामा नये, हे त्यांचे काम. २०१८ साली त्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या आणि तिथे कुत्रे नेण्याची सोय नव्हती. तेव्हा सात वर्षांची डॉट, तिची टोपली आणि एक जुनी पोलादी फणी अशी तिची सगळी इस्टेट आमच्या घरी आली. फणी देताना आजींनी ती कशी चालवायची हेही शिकवले: केस कोरडे असताना फणी लावायची नाही, आधी पाण्याचा हलका फवारा मारायचा, टोकापासून सुरुवात करून मुळाकडे सरकायचे आणि गाठ लागली तर ती फणीने न ओढता बोटांनी सोडवायची. आमच्या मराठीत विणकराच्या मागालाही फणीच असते, ताण्याचे धागे तिच्या दातांतून ओवलेले असतात, हे मी आजींना सांगितले तेव्हा त्यांनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला.

डॉटला घेऊन मी रस्त्याने निघते, तेव्हा लोकांना तिच्यात जे दिसते ते मला समजते. तीन किलोंच्या आतबाहेरचा जीव, डोळ्यांवर केस येऊ नयेत म्हणून डोक्यावर बांधलेली फीत, खाली जमिनीला टेकू पाहणारे निळे-तांबूस केस. श्रीमंत बाईच्या पर्समधून डोकावणारे, उशीवर बसणारे, शोभेचे कुत्रे, असे चित्र जगभर रूढ झाले आहे आणि पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांतही ते तसेच पोहोचले आहे. ते चित्र अगदी खोटे आहे असे मी म्हणणार नाही, कारण शंभर-सव्वाशे वर्षे या जातीला तशी कामगिरी खरोखरच दिली गेली. पण ज्या हातांनी ही जात घडवली ते हात दागिन्यांचे नव्हते, आणि ही गोष्ट लोकांनी विसरावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या पश्चिमेला पेझ्ली नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून तिथले विणकर काश्मिरी शालींच्या धर्तीवर शाली विणत. काश्मीरच्या शालीवरचा जो बाकदार बुट्टा, ज्याला आपण कोयरी म्हणतो, जो आपल्याकडे लुगड्याच्या पदरावर, मेंदीच्या हातावर आणि हळदीकुंकवाच्या चांदीच्या कोयरीत पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्याला सगळे इंग्रजी बोलणारे जग आज त्या गावाच्या नावाने 'पेझ्ली' म्हणते. त्या गावात आणि क्लाइड नदीच्या खोऱ्यात विणकरांच्या घरी लांब, रेशमी केसांचे छोटे टेरियर असत. त्यांना पेझ्ली टेरियर किंवा क्लाइड्सडेल टेरियर म्हणत. ती जात आता नामशेष झाली आहे, पण तिचे रक्त डॉटच्या अंगात आहे. कोयरी विणणाऱ्या माणसांनी पाळलेला कुत्रा ही माझ्यासाठी केवळ माहिती राहिली नाही. ती कळली त्या दिवशी मी कपाटातून आईची कोयरीकाठी शाल काढली आणि बराच वेळ ती मांडीवर घेऊन बसले होते.

हातमागावर पोट भरेनासे झाले, तेव्हा शतकाच्या मध्याला स्कॉटलंडमधून अनेक कुटुंबे दक्षिणेकडे यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या गिरण्यांत आली. ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, हॅलिफॅक्स, लीड्स ही गावे तेव्हा धुराने काळी होत होती. १८५३ साली ब्रॅडफर्डजवळ टायटस सॉल्टची प्रचंड गिरणी सुरू झाली; लगेच १८५४ साली इकडे मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी केली. पुढे कोकणातून आणि घाटावरून माणसे मुंबईला आली, त्यांत माझे आजोबाही होते. त्यांनी येताना गाठोड्यात काय आणले ते घरात नेहमी सांगितले जाई: एक घोंगडी, एक तांब्या आणि नाचणीचे पीठ. स्कॉटलंडहून आलेल्या विणकरांनी आपली कुत्री आणली.

ती आणण्यामागे कारण होते. गिरणीत, गोदामात आणि कामगारांच्या एकाला एक चिकटलेल्या घरांत उंदीर सुळसुळत. आप्पा सांगतात की त्यांच्या गिरणीत सुताला खळ लावण्याच्या खात्यात उंदरांचा उच्छाद असे, कारण खळ पिठाची. तिथे मांजरे होती, पण घुशीपुढे मांजर माघार घेई. टेरियर माघार घेत नाही. टेरियर हे नावच जमिनीसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून, फ्रेंचमधून आले आहे: जमिनीतल्या बिळात शिरून सावजाला भिडणारा कुत्रा. खोलीत मावेल एवढा लहान, थोड्या अन्नावर जगणारा आणि उंदीर दिसताच त्याच्यावर तुटून पडणारा कुत्रा गिरणी कामगाराच्या संसारात सहज बसत होता.

यॉर्कशायरमध्ये आल्यावर या कुत्र्यांचा इथल्या टेरियरांशी संकर झाला. स्थानिक वॉटरसाइड टेरियर, इंग्रजी काळा-तांबूस टेरियर, स्काय टेरियर ही नावे त्यात घेतली जातात. केसांच्या तलमपणासाठी माल्टीजचे नावही काही जण घेतात. सुरुवातीच्या काळातल्या 'ओल्ड क्रॅब' नावाच्या कुत्र्याचा आणि 'किटी' नावाच्या कुत्रीचा उल्लेख जुन्या हकिगतींत पुन्हापुन्हा येतो. कुणाचा संकर कुणाशी झाला याच्या वह्या त्या कामगारांनी ठेवल्या नाहीत. त्यातल्या अनेकांना लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांना बारा-बारा तासांच्या पाळीनंतर वंशावळी लिहायला वेळ कुठला? ज्ञान सगळे डोळ्यांत आणि बोटांत होते. पिल्लाच्या अंगावर हात फिरवून ते मोठेपणी कसे निघेल हे सांगणारी माणसे होती. इतिहास लिहिणाऱ्यांना ही मोठी अडचण वाटते. मला मात्र वाटते की हातात कसब असलेल्या माणसांचा इतिहास बहुतेक असाच शिल्लक राहतो, वस्तूच्या रूपाने. तो कागदावर नसला तर नसल्यासारखा मानणे हा त्या माणसांवर अन्याय आहे.

कागदावर नीट सापडणारा पहिला मोठा कुत्रा हडर्सफील्डचाच. त्याचे नाव हडर्सफील्ड बेन. १८६५ साली ईस्टवुड नावाच्या गृहस्थांकडे तो इथे जन्मला आणि पुढे ब्रॅडफर्डच्या मेरी ॲन फॉस्टर यांनी त्याला घेतले. आजच्या सगळ्या यॉर्कशायर टेरियरांचा तो मूळपुरुष मानला जातो. तो स्वतः आजच्या मापाने थोराड होता, चार किलोंहून जास्तच भरे. पण त्याची पिल्ले त्याच्याहून लहान निघत, त्यांचे केस त्याच्यासारखे तलम असत आणि हे गुण पुढच्या पिढीतही टिकत. संकरातून जात घडते ती याच क्षणी: जेव्हा एखाद्या प्राण्याचे गुण योगायोगाने न उतरता खात्रीने उतरू लागतात. बेनच्या बाबतीत ती खात्री फार जवळच्या रक्तातून आली होती. तो आई आणि तिच्याच मुलाच्या संबंधातून जन्मला होता. त्या काळच्या पाळणाऱ्यांना हवा तो गुण पक्का करण्याचा हाच मार्ग माहीत होता. त्यातून गुणांबरोबर दोषही पक्के होतात हे त्यांना उशिरा कळले, आणि त्याची किंमत ही जात अजून मोजते आहे.

बेनने प्रदर्शनांतून भरपूर बक्षिसे मिळवली आणि उंदीर मारण्याच्या शर्यतीतही तो उतरत असे. १८३५ साली इंग्लंडमध्ये बैल आणि अस्वलांच्या झुंजींवर कायद्याने बंदी आली, त्यानंतर दारूच्या गुत्त्यांतून कुत्र्यांकडून उंदीर मारून घेण्याच्या शर्यती फोफावल्या होत्या. लाकडी हौदात उंदीर सोडायचे, कुत्रा सोडायचा आणि घड्याळ लावून पैजा घ्यायच्या. हा खेळ क्रूर होता आणि तो बंद पडला ते चांगलेच झाले. पण आज ज्याच्या वंशजाच्या डोक्यावर आपण फीत बांधतो, तो त्या हौदात उतरणारा कुत्रा होता, एवढे ध्यानात ठेवायला हवे. सप्टेंबर १८७१ मध्ये एका घोडागाडीखाली सापडून बेन गेला. तेव्हा तो जेमतेम सहा वर्षांचा होता. इतक्या लहान आयुष्यात त्याने एक जात मागे ठेवली.

नाव मात्र त्या जातीला हळूहळू मिळाले. १८६१ साली लीड्सच्या प्रदर्शनात हे कुत्रे स्कॉच टेरियर म्हणूनच मांडले गेले होते. १८७० साली वेस्टमरलंडच्या प्रदर्शनानंतर एका बातमीदाराने लिहिले की यॉर्कशायरमध्ये या कुत्र्यांत इतकी सुधारणा झाली आहे की त्यांना आता यॉर्कशायर टेरियरच म्हटले पाहिजे. केनेल क्लबच्या १८७४ च्या नोंदवहीत दोन्ही नावे एकत्र आहेत, १८८६ साली क्लबने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आणि १८९८ मध्ये या जातीची पहिली संघटना स्थापन झाली. तोवर अमेरिकेतही ती पोहोचली होती. जन्मदाते स्कॉटिश आणि नाव यॉर्कशायरचे, याबद्दल काही स्कॉटिश लोकांना अजून वाईट वाटते. स्थलांतरित कामगाराची मुले ज्या गावात वाढतात त्या गावाची होतात, एवढेच मी त्यांना सांगू शकते.

डॉटच्या केसांकडे परत येते, कारण या जातीचे खरे नवल तिथेच आहे. बहुतेक कुत्र्यांना दुहेरी केस असतात, वर राठ आणि खाली मऊ लव. यॉर्कशायर टेरियरला खालची लव नसते. एकेरी केस माणसाच्या केसांसारखा सतत वाढत राहतो आणि घरभर फारसा गळत नाही. पिल्लू जन्मते तेव्हा काळे असते, भुवयांवर, तोंडावर आणि पायांवर तेवढे तांबूस ठिपके. काळ्याचा निळा व्हायला दोन-तीन वर्षे लागतात आणि तो बदल मुळापासून टोकाकडे चढत जातो. म्हणजे वर्षभराच्या पिल्लाची बट उलगडली तर टोकाला बाळपणाचा काळा रंग आणि मुळाशी येणारा पोलादी निळा असे दोन्ही एकाच केसावर सापडतात. कुठले पिल्लू योग्य निळ्यावर थांबेल आणि कुठले पुढे रुपेरी होऊन जाईल, हे ओळखणे हा या पाळणाऱ्यांच्या कौशल्याचा कळस. मुळातला गडदपणा, मधली छटा, टोकाची झाक, सलग रंगात एकही भलता धागा नको हा हट्ट, हे सारे ज्यांच्या डोळ्यांना दिवसभर ताणा आणि बाणा दिसत होता त्यांनाच सुचू शकते. या कुत्र्याचे केस इतके तलम की ते गिरणीच्या मागावरच विणले असतील, अशी थट्टा त्या काळी लोक करत. आप्पांसारखा माणूस ती थट्टा समजणार नाही. त्याला ते साधे विधान वाटेल.

प्रदर्शनात उतरणाऱ्या कुत्र्याचे केस जमिनीपर्यंत येतात. ते तुटू नयेत म्हणून एकेक बट वेगळी काढून तिला किंचित तेल लावतात, पातळ कागदात घडी घालून गुंडाळतात आणि रबराने बांधून ठेवतात. दर एक-दोन दिवसांनी सगळ्या पुरचुंड्या सोडून, विंचरून पुन्हा बांधायच्या. मी एकदा लीड्सजवळच्या एका लहान प्रदर्शनात हे काम जवळून पाहिले. एक म्हातारे गृहस्थ लाल कापडाने मढवलेल्या पेटीवर आपला कुत्रा उभा करून पुरचुंड्या सोडत होते. या कुत्र्यांना परीक्षकांपुढे अशा पेटीवरच उभे करण्याची इथे रीत आहे. पाठीच्या मधोमध भांग इतका सरळ की जणू सुतार दोरी धरून रेघ मारतो तसा पाडलेला. कुत्रा हलला नाही. फक्त हॉलच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या हातून पेला पडला तेव्हा त्याचे दोन्ही कान एका क्षणात तिकडे वळले, सगळे अंग ताठ झाले आणि घशातून एक बारीक गुरगुर आली. म्हाताऱ्यांनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि फणी पुढे चालू ठेवली. मला त्या एका क्षणात पेटीवरचा कुत्रा आणि हौदातला कुत्रा दोन्ही दिसले.

डॉटमधला तो दुसरा कुत्रा मला २०२० च्या पानगळीत भेटला. मागच्या अंगणात दगडी भिंत आणि लाकडी खोपटे यांच्यामध्ये वीतभर फट आहे. चार दिवस डॉट त्या फटीसमोर जाऊन उभी राहत होती, पुढचा एक पाय उचललेला, कान पुढे, शेपूट ताठ. (तिची शेपूट पूर्ण आहे. पूर्वी या जातीच्या पिल्लांच्या शेपट्या छाटत. इंग्लंडमध्ये केवळ दिसण्यासाठी शेपूट छाटायला २००७ पासून बंदी आहे. ती ताठ शेपूट पाहिली की छाटण्याने कुत्र्याची अर्धी भाषाच कापली जात होती हे कळते.) मी तिला हाक मारून आत आणत असे. पाचव्या दिवशी सकाळी ती आली नाही. मी बाहेर गेले तेव्हा ती फटीत कमरेपर्यंत शिरली होती, आणि मी पोहोचण्याच्या आत मागे सरकत बाहेर आली. तिच्या तोंडात तिच्या डोक्याएवढा उंदीर होता. मानेच्या मागे पकड, दोन झटके, डावीकडे आणि उजवीकडे. मग तिने तो खाली टाकला आणि त्याच्याकडे न पाहता पुन्हा फटीकडे तोंड करून उभी राहिली, पुढच्याची वाट पाहत. तिला हे कुणी शिकवले नव्हते. नऊ वर्षे ती गालिच्यावर राहिली होती. डोक्यावरची फीतही सुटली नव्हती.

मी घाबरले होते हे खरे. तिचे तोंड धुतले, अंग तपासले, लेप्टोची लस वेळेवर टोचली आहे ना हे कागदावर पाहिले. उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या त्या रोगाची दहशत मुंबईच्या पावसाळ्यात वाढलेल्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. पण त्या दिवसापासून माझ्या तिच्याशी वागण्यात फरक पडला. तोवर ती बारीकसारीक आवाजांवर भुंकायची तेव्हा मी तिला गप्प करत असे. आता मी उठून तिने काय ऐकले ते पाहते. ती आपले काम करत असते, आणि काम केल्याची पोच तिला मिळाली की ती लगेच गप्प होते.

या कुत्र्याच्या हिमतीची सगळ्यांत मोठी साक्ष यॉर्कशायरपासून फार दूर घडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, न्यू गिनीच्या जंगलात एका अमेरिकन सैनिकाला सोडून दिलेल्या खंदकात एक चिमुकली यॉर्कशायर टेरियर कुत्री सापडली. तिथे ती कशी पोहोचली हे कुणालाच उलगडले नाही. विल्यम विन नावाच्या कॉर्पोरलने ती दोन ऑस्ट्रेलियन पौंडांना विकत घेतली आणि तिचे नाव स्मोकी ठेवले. वजन सुमारे १.८ किलो. ती त्याच्याबरोबर विमानांतून मोहिमांवर गेली, त्याच्याच शिध्यातले खाऊन राहिली. पुढे फिलिपिन्समध्ये लिंगायेनच्या धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. धावपट्टीखालून गेलेला नळ सुमारे ७० फूट लांब आणि ८ इंच रुंद होता आणि त्यात जागोजागी माती साचली होती. माणसांनी खणून तार टाकायची तर धावपट्टी बंद पडून शत्रूच्या बॉम्बफेकीखाली दिवसचे दिवस काम करावे लागले असते. विनने स्मोकीच्या पट्ट्याला दोरी बांधली, स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन ओणवा झाला आणि तिला हाका मारल्या. अंधारातून, मातीच्या ढिगांवरून सरपटत ती त्याच्यापर्यंत आली. नंतर तिने इस्पितळांतल्या जखमी सैनिकांचे मन रमवले आणि १९५७ पर्यंत ती विनच्या घरी जगली. बिळात शिरण्यासाठी घडवलेल्या शरीराने नळात शिरून काम केले, यात मला चमत्कारापेक्षा वारसा दिसतो.

म्हणूनच लहानपणाचे जे वेड आज या जातीच्या मागे लागले आहे त्याने माझा जीव तुटतो. केनेल क्लबच्या वर्णनात वजनाची वरची मर्यादा आहे, ३.२ किलो, त्या मर्यादेच्या खाली किती जावे याचा लोभ माणसांनी लावला. १९४५ मध्ये ब्लॅकबर्न इथे मरण पावलेली सिल्व्हिया ही यॉर्कशायर टेरियर नोंदवलेल्या इतिहासातली सर्वांत लहान कुत्री मानली जाते: उंची ६.३ सेंटिमीटर, वजन ११३ ग्रॅम. लोक हा आकडा कौतुकाने सांगतात. मला तो वाचून गलबलते. पुण्याच्या माझ्या भाचीने मागच्या वर्षी फोन करून विचारले, की तिला 'टीकप यॉर्की' घ्यायचा आहे, तिथे एक विकणारा दीड किलोच्या वर जाणार नाही अशी हमी देतो आहे. टीकप नावाची कुठलीही मान्य जात नाही. वेतातली अशक्त, कमी वाढीची पिल्ले निवडून, त्यांचाच आपसांत संकर करून ती मिळवतात. अशा पिल्लाच्या रक्तातली साखर एक जेवण चुकले तरी धोक्याच्या खाली जाते. मी भाचीशी तासभर बोलले. या जातीत यकृताला वळसा घालून रक्त नेणारी शीर जन्मतः असण्याचा दोष आढळतो, गुडघ्याची वाटी सरकते, दुधाचे दात न पडता मागे राहतात, श्वासनलिका चपटी होत जाते. हे सगळे तिला सांगितले, आणि पिल्लू घ्यायचेच असेल तर त्याच्या आईला प्रत्यक्ष पाहा, तिचे वजन आणि तपासण्या विचारा, हेही. तिने त्या विकणाऱ्याकडे आईला पाहायचे आहे म्हटले, तेव्हा तो टाळाटाळ करू लागला. तिने पिल्लू घेतले नाही.

श्वासनलिकेच्या बाबतीत चूक माझ्या हातूनही झाली. पहिले काही महिने मी डॉटला गळपट्टा लावून फिरवत होते. ती ओढायची आणि मग हंसाच्या आवाजासारखा भसाडा खोकला काढायची. मला वाटले सर्दी आहे. डॉक्टरांनी मानेवर दोन बोटे ठेवून नळी दाखवली आणि सांगितले की पट्टा गळ्याला नको, छातीला हवा. छातीचा पट्टा आणल्यावर खोकला निम्म्याहून कमी झाला. एवढी साधी गोष्ट, पण प्रत्येक लहान कुत्रा पाळणाऱ्याला ती पहिल्या दिवशी कुणीतरी सांगायला हवी. सांभाळ नीट झाला तर हा कुत्रा दीर्घायुषी आहे. २०२२ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या आयुर्मानाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात यॉर्कशायर टेरियरचे सरासरी आयुर्मान १२.५४ वर्षे निघाले. तपासलेल्या जातींत त्याच्यापुढे फक्त जॅक रसेल टेरियर होता.

डॉट आता चौदा वर्षांची आहे. डोळ्यांवर निळसर पडदा आला आहे, एका बाजूने ऐकू कमी येते आणि पाठीचा पोलादी रंग उतरून जवळजवळ राखाडी झाला आहे. अर्धा-अर्धा तास विंचरून घेण्यासाठी उभे राहणे तिला आता झेपत नाही. तेव्हा या वसंतात मी तिचे लांब केस पहिल्यांदाच कापून टाकले, दोन बोटे ठेवले. ती एकदम तरुण दिसू लागली. सकाळी अंगणात गेल्यावर खोपट्यामागच्या फटीपाशी थांबायचे तेवढे तिने सोडलेले नाही. कापलेल्या केसांतली छातीवरची एक लांब बट मी बाजूला ठेवली, म्हाताऱ्या गृहस्थांना करताना पाहिले होते तशी ती पातळ कागदात गुंडाळली आणि मुंबईला निघालेल्या एका मैत्रिणीबरोबर आप्पांकडे पाठवली.

आप्पांचा रविवारी फोन आला. चाळीच्या गॅलरीत संध्याकाळी त्यांचे तीन जुने सोबती बसतात, तिघेही साचेवाले, ८२ च्या संपात एकाच दिवशी बाहेर पडलेले. आप्पांनी कशाची बट आहे ते न सांगता पुरचुंडी त्यांच्यापुढे सोडली. तिघांनी पाळीपाळीने ती चिमटीत धरली, चोळली, गॅलरीच्या कठड्याशी नेऊन उजेडात पाहिली. एकाने रेशीम म्हटले. दुसरा म्हणाला, रेशीमच, पण रंगवताना तिन्ही छटा एकाच तारेत कशा धरल्या ते कळत नाही. तिसरे सगळ्यांत वडील, त्यांनी ती बट बराच वेळ बोटांत ठेवली, मग आप्पांकडे पाहून विचारले, "किती नंबरचं सूत आहे हे?"